बाणाचा रंग कशासाठी?

बोईसरला मामाकडे मी मोबाईलवर एक खेळ पाहिला. गाणे वाजते आणि बाण खालून वर सरकतात. बाण वरच्या खुणेवर आला की त्याच क्षणी दाबायचे. अशा खेळांतला ‘डान्स डान्स रिव्होल्यूशन’ हा प्रसिद्ध खेळ १९९८ साली जपानमध्ये निघाला. त्यात बाण पायाने दाबतात.

बाण दोन गोष्टी सांगतो. टोक सांगते, कोठे दाबायचे : डावीकडे, उजवीकडे, पुढे की मागे. रंग सांगतो, केव्हा दाबायचे. बरीच मुले रंग बघून पाय ठरवतात आणि तिथेच फसतात.

रंगांची एक रूढ पद्धत अशी :
लाल – बरोबर ठोक्यावर.
निळा – दोन ठोक्यांच्या मधोमध.
पिवळा – लाल व निळा यांच्या मधोमध.
(प्रत्येक खेळात हेच रंग असतात असे नाही.)

आता घड्याळ घ्या. मिनिटाला ६० ठोके, म्हणजे सेकंदाला एक. पहिला लाल वाजला की पाव सेकंदाने पिवळा, अर्ध्याला निळा, पाऊणला पुन्हा पिवळा आणि एक सेकंद झाला की दुसरा लाल. ठोके १२० केले तर सगळी अंतरे निम्मी होतात, पण रंगांचा क्रम तोच राहतो.

आपल्या पालघरकडे तारपा नाचात तारपा वाजवणारा मध्ये असतो. त्याने सूर बदलला की नाचणाऱ्यांची पावले बदलतात. तिथे कानच सर्व सांगतो. पण ज्याला कमी ऐकू येते त्याने काय करावे? आमच्या वर्गातला एक मित्र याच कारणाने लेझमीला उभाच राहत नव्हता. मग आम्ही फळ्यावर रंगीत खडूने बाण काढले. ढोलाच्या ठोक्याबरोबर एकजण त्यावरून छडी फिरवी. लालवर ‘एक’, निळ्यावर ‘नि’, पुढच्या लालवर ‘दोन’. मित्र आधी ढोलावर तळहात ठेवून ठोका ओळखे, मग छडीकडे बघून पाऊल टाकी. आठवड्याने त्याचे पाऊल ठोक्यावर पडू लागले. २६ जानेवारीला तो आमच्या रांगेत असणार आहे!

करून पाहा : मिनिटाला ९० ठोके असतील, तर लाल बाणानंतर निळा किती सेकंदांनी येईल? उत्तर वहीत लिहून बाईंना दाखवा.

– इयत्ता सातवीचा एक विद्यार्थी