तान्हं बाळ रडायचं थांबत नाही: फोनवर मदत कुठे, खर्च किती?

बाळ वर्षाच्या आतलं आहे. रात्र रात्र रडतं, झोपत नाही, अंगावर पिताना तोंड फिरवतं. डॉक्टरांकडे जायचं तर पाड्यावरून निघण्यात अर्धा दिवस जातो आणि मजुरी बुडते. डहाणू-तलासरीत अशा वेळी फोनवर मिळणारी बरीचशी मदत मोफत आहे. कुणाला पैसे देण्याआधी ती वापरा.

पण फोनवर सल्ला कधी घ्यायचा नाही, ते आधी बघा. बाळ पीत नाही, सुस्त पडलंय, झटका आला, श्वास जोरात चाललाय, छाती आत ओढली जाते, किंवा दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आहे, तर थेट 108 ला फोन करा. तलासरीच्या सीमेकडच्या गावांत मोबाइल गुजरातचा टॉवर धरतो आणि फोन तिकडच्या केंद्राला लागू शकतो. म्हणून गाव, तालुका आणि ‘पालघर, महाराष्ट्र’ हे पहिल्याच वाक्यात सांगा. वर्षाच्या आतल्या आजारी बाळाचे सरकारी रुग्णालयातले उपचार, औषधे, तपासण्या आणि ने-आण जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहे. डहाणू आणि कासा इथे उपजिल्हा रुग्णालय आहे, तलासरीत ग्रामीण रुग्णालय.

धोक्याच्या लक्षणांपैकी काही नसेल, तर ई-संजीवनी, म्हणजे सरकारची ऑनलाइन डॉक्टर-सल्ला सेवा. फी शून्य. स्वतःच्या फोनवरून करायचं तर मोबाइल नंबर, ओटीपी आणि बऱ्यापैकी नेटवर्क लागतं. राज्य विचारलं की महाराष्ट्र निवडा. खर्च फक्त डेटाचा. स्मार्टफोन किंवा रेंज नसेल तर जवळच्या उपकेंद्रात, म्हणजे आताच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात जा. तिथले समुदाय आरोग्य अधिकारी डॉक्टर जोडून देतात. माता-बाल संरक्षण कार्ड न्याच: वजन, लसी आणि वाढीचे टप्पे त्यातच आहेत. बाळ किती वेळ रडतं, कधी झोपतं, किती वेळा लघवी करतं, हे दोन दिवस कागदावर टिपून ठेवा. डॉक्टरांचा पहिला प्रश्न बहुधा हाच असतो.

रडणं साधारण सहाव्या आठवड्यात सर्वांत जास्त असतं आणि तीन-चार महिन्यांत कमी होतं. त्या काळात आईचा जीव मेटाकुटीला येतो. तिला सतत रडू येत असेल, बाळाचा राग येत असेल, तर 14416 लावा. ही टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी सेवा 2022 पासून चालू आहे: चोवीस तास, मोफत, मराठीत. कागदपत्र लागत नाही. राग अनावर झाला तर बाळाला सुरक्षित जागी ठेवून पाच मिनिटं बाजूला व्हा, पण त्याला गदागदा हलवू नका. त्याने मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो.

आशाताई 3, 6, 9, 12 आणि 15 महिन्यांना घरी यायला हव्यात. त्या भेटीचे पैसे नसतात. आल्या नाहीत तर अंगणवाडीत किंवा उपकेंद्रात विचारा. बाळ चार महिन्यांचं होऊनही मान धरत नाही, आवाजाकडे वळत नाही, नजरेला नजर देत नाही, असं वाटलं तर अंगणवाडीतून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाची तारीख घ्या. पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं. सहा महिने थांबू नका, उपकेंद्रातून आधीच पाठवायला सांगा. तपासणी आणि पुढचे उपचार मोफत असतात.

खासगी ऑनलाइन सल्ला घेणार असाल तर फी आधी लेखी मागा. फेरतपासणीची फी वेगळी आहे का? ॲपचं ‘सेवाशुल्क’ किती? वेळ रद्द केली तर पैसे परत मिळतात का? दहा बैठकांचं पॅकेज आगाऊ घेऊ नका. एक बैठक घ्या, पटली तर पुढची. डॉक्टरांनी पावती द्यायला हवी, आणि चिठ्ठीवर व पावतीवर त्यांचा नोंदणी क्रमांक हवा. 2020 च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांत तसं स्पष्ट आहे. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाकडे भारतीय पुनर्वास परिषदेचा क्रमांक मागा. ‘पालकत्व प्रशिक्षक’ एवढीच पाटी असेल तर पैसे देऊ नका.

गूगलवर सापडलेल्या नंबरवरून ‘नोंदणीचे दहा रुपये’ मागत लिंक आली तर ती उघडू नका. पैसे गेलेच तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.

सर्वांत महाग पडतो तो झटपट उपाय. झोप लागावी म्हणून सर्दीचं सिरप पाजू नका. क्लोरफेनिरामाइन आणि फिनायलेफ्रीनचं मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा इशारा बाटलीवर छापण्याचा आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर 2023 मध्ये दिला. दुकानदार ‘सगळे नेतात’ म्हणाला तरी घेऊ नका. वर्षाच्या आत मध चाटवू नका, सहा महिन्यांपर्यंत घुट्टी आणि वरचं पाणीही नको. रडणं थांबवायला हातात मोबाइल तर नकोच. दोन वर्षांपर्यंत नातेवाइकांशी अधूनमधून व्हिडिओ कॉल सोडला तर पडदा दाखवू नये, असं भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचं सांगणं आहे. डॉक्टरांच्या कॉलवेळी मात्र बाळाला कॅमेऱ्यासमोर धरा, कारण त्यांना बाळ बघायचं असतं.