शेतकऱ्याची दुहेरी शाळा

विद्या केवळ पुस्तकांत असते असा आपला समज होणें साहजिक आहे. परंतु आपल्या बीड जिल्ह्यांतील शेतकरी ज्या शाळेंत शिकतो, तिला दोन शिक्षक आहेत: एक घरचा अनुभव व दुसरें बाहेरून आलेलें शास्त्र.

पेरणीचेंच उदाहरण घेऊं. मृगाचा पाऊस पडला कीं तिफण बाहेर काढावी, ही जुनी चाल. पण जाणता शेतकरी केवळ नक्षत्रावर विसंबत नसे. माती उकरून ओल किती खोल गेली तें तो पाही. परभणीचें कृषि विद्यापीठ (स्थापना १९७२) सांगतें कीं ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावांचून पेरूं नये. भाषा निराळी, मर्म एकच. पहिल्या सरीला भुलून पेरलें आणि पुढें उघडीप पडली, तर दुबार पेरणी कपाळीं येते. हंगाम बुडाला म्हणजे कित्येक कुटुंबांस ऊसतोडीस जावें लागतें, आणि वर्गांतील बांक रिकामे पडतात. तेव्हां हा प्रश्न आपल्याहि जिव्हाळ्याचा आहे.

ज्ञान एकाच दिशेनें वाहतें असें मात्र नव्हे. मालदांडी ही शेतकऱ्यांनीं पिढ्यान् पिढ्या राखलेली रब्बी ज्वारी. मोहोळच्या संशोधन केंद्रांत तिच्यांतूनच निवड करून ‘एम ३५-१’ हा वाण काढला गेला, व तो पुन्हां शेतकऱ्यांच्या वावरांत आला.

पारावर, आठवड्याच्या बाजारांत, सावडीच्या कामांत, आणि आतां भ्रमणध्वनीवरूनहि गोष्ट गांवोगांव पसरते. परंतु ऐकीव गोष्ट पारखून घ्यावी. बीटी कापूस २००२ सालीं आला. त्याला बोंडअळीची भीति नाहीं असें पुष्कळांस वाटे. २०१७ सालीं शेंदरी बोंडअळीनें मराठवाड्यांत अतोनात नुकसान केलें.

पारख कशी करावी याचा एक सोपा धडा देतों. सोयाबीनचें घरचें बी पेरतां येतें, पण आधीं उगवण पाहावी. शंभर दाणे ओल्या गोणपाटावर ओळीनें मांडून गुंडाळी करावी, ती सावलींत ठेवून ओलसर राखावी, आणि आठवड्यानें चांगले कोंब मोजावे. सत्तर किंवा अधिक उगवले तर बी पेरणीयोग्य. थोडे कमी असतील तर त्या मानानें बियाणें वाढवावें.

सुट्टींत घरीं जाल तेव्हां ओल कशी पाहतात तें वडिलांस विचारा, आणि ही परीक्षा त्यांस करून दाखवा. त्या दिवशीं घरांत दोन विद्यार्थी व दोन गुरु असतील.