रोलर कोस्टरवर कोण बसतं आणि खाली पिशव्या कोण सांभाळतं? चार पार्कांमधून शिकायचा धंद्याचा धडा

या आठवड्याच्या व्हिडिओत आपण अॅम्युझमेंट पार्कांची तुलना केली. व्हिडिओत वेळ कमी पडतो, म्हणून आकडे आणि हिशोब इथे सविस्तर देतोय. वही-पेन घेऊनच वाचा, कारण शेवटी गृहपाठ आहे.

"सर, आम्हाला कुठे पार्क काढायचंय?" असं काही जण विचारतील. बरोबर आहे. पण तुम्ही खानावळ काढा, गेम झोन काढा की कपड्याचं दुकान, एक प्रश्न सगळीकडे सारखाच येतो: मोठं आकर्षण आणायचं, की सगळ्या घराला बरं वाटेल अशी सोय करायची? पार्कांच्या धंद्यात हा प्रश्न कोट्यवधी रुपये लावून सोडवलेला आहे. आपण तो फुकटात शिकून घेऊ.

१. आधी चार पार्क ओळखून घ्या

एस्सेलवर्ल्ड, गोराई. १९८९ मध्ये सुरू झालं. मुंबईच्या दोन पिढ्यांची शाळेची सहल इथेच गेली. बोटीतून खाडी ओलांडून जायचं, ही पोरांसाठी अर्धी मजा आणि सामान घेऊन निघालेल्या आईसाठी अर्धी कटकट. शेजारी १९९८ मध्ये वॉटर किंगडम आलं. २०२२ मध्ये एस्सेलवर्ल्ड लोकांसाठी बंद झालं.

इमॅजिका, खोपोली. २०१३ मध्ये मनमोहन शेट्टी यांच्या अॅडलॅब्सने उभारलं. जागा मुंबई आणि पुणे या दोन्ही बाजारपेठांच्या मध्ये, एक्सप्रेसवेजवळ. पुढच्या वर्षी वॉटर पार्क, २०१६ मध्ये स्नो पार्क.

वंडरला. व्ही-गार्डवाले कोचौसेफ चित्तिलपिल्ली यांचं. २००० मध्ये कोची (तेव्हाचं नाव वीगालँड), २००५ मध्ये बेंगळुरू, २०१६ मध्ये हैदराबाद, २०२४ मध्ये भुवनेश्वर. आपल्या सोलापूर, लातूर, नांदेडकडच्या लोकांना हैदराबादचं वंडरला सोयीचं पडतं.

शिर्डी. इथे संगमनेरच्या मालपाणी समूहाचं वेट एन जॉय वॉटर पार्क आणि साईतीर्थ हे भक्तीवर आधारलेलं थीम पार्क आहे. गर्दी आणायला कोस्टर लागतच नाही. लोक दर्शनाला येतातच, त्यांच्या उरलेल्या वेळाला इथे जागा दिली आहे.

२. रोलर कोस्टरचं खरं काम काय?

इमॅजिकाची जाहिरात डोळ्यांसमोर आणा. आठवतो तो नायट्रो. स्वित्झर्लंडच्या बोलिगर अँड मॅबिलार्ड कंपनीने बनवलेला, उंची सुमारे ४० मीटर, वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर, पाच वेळा माणूस उलटा होतो. डब्याला खाली जमीनच नाही, पाय हवेत लोंबकळतात.

हैदराबादच्या वंडरलात रिकॉइल आहे. तो आधी पुढे जातो आणि मग त्याच रुळावरून उलटा मागे येतो.

आता मला सांगा, पार्कात आलेल्या सगळ्यांपैकी किती जण यात बसतात? लहान मुलं उंचीच्या अटीत बसत नाहीत. आजी-आजोबा, बीपीवाले, पाठीचा त्रास असलेले, गरोदर बाई यांना बसता येत नाही. काही धडधाकट लोक नुसतं बघूनच "नको रे बाबा" म्हणतात.

म्हणजे सगळ्यात महागडी वस्तू सगळ्यात कमी लोकांच्या कामाची! मग आणायचीच कशाला? कारण ती फाटकापर्यंत माणूस आणते. कॉलेजचा मुलगा घरी हट्ट धरतो तो नायट्रोसाठी. कोस्टर म्हणजे तुमच्या दुकानाची पाटी. पाटी मोठी पाहिजेच, पण पाटीवर दुकान चालत नाही.

३. सहा जणांच्या घराचा हिशोब

समजा एक घर सहलीला निघालं. आजी, आजोबा, आई, बाबा, चौदा वर्षांचा मुलगा आणि पाच वर्षांची मुलगी. मोठ्या कोस्टरवर कोण बसणार? मुलगा, आणि त्याच्या आग्रहाने बाबा. दोन जण. चार जण खाली.

हे दोघं रांगेत तासभर उभे राहिले आणि दोन-तीन मिनिटं फिरून आले. तोपर्यंत खालचे चौघं काय करत होते? सावली होती का? बसायला बाक होता का? जवळ स्वच्छतागृह होतं का? पाच वर्षांच्या मुलीला तिथेच खेळायला काही होतं का?

या चौघांना मी "पिशव्या सांभाळणारी माणसं" म्हणतो. पुढच्या वर्षी परत यायचं का, हे बहुतेक घरांत हीच माणसं ठरवतात. मुलगा म्हणेल "परत जाऊ", पण आजी म्हणाली "पाय मोडले माझे, पुन्हा नाव काढू नका", की विषय संपला. एका आजीमुळे सहा तिकिटं गेली.

या नजरेने बघितलं की चांगली पार्कं काय करतात ते दिसायला लागतं. इमॅजिकात नायट्रोच्या जोडीला मधल्या धाडसाचा गोल्ड रश एक्सप्रेस आहे, लहानांसाठी टबी हत्ती आहे, आणि "आय फॉर इंडिया" आहे. त्यात खुर्चीत बसून मोठ्या पडद्यावर आकाशातून भारत बघायचा. आजोबा आणि नातू शेजारी बसू शकतात अशी ही राइड. व्हिडिओला लाइक नायट्रोला मिळतात, पण घर एकत्र बसतं ते इथे.

वंडरलाची खुबी वेगळी. जमिनीवरच्या राइड आणि पाण्यातल्या राइड एकाच तिकिटात, एकाच आवारात. सकाळी कोस्टर, ऊन चढलं की पाणी. आई मुलीला घेऊन उथळ पाण्यात, मुलगा उंच घसरगुंडीवर. इमॅजिकात थीम पार्क आणि वॉटर पार्क यांची तिकिटं वेगवेगळी आहेत, एकत्र पॅकेज वेगळं. दोन्ही पद्धती चालतात. पण ज्याच्या हातात एकच दिवस आणि ठरलेलं बजेट आहे, त्याला "एक तिकीट, सगळं आलं" हे ऐकायला सोपं जातं. ग्राहकाला जितकी बेरीज कमी करावी लागेल, तितका होकार लवकर मिळतो.

४. रांग विकता येते

मोठ्या पार्कांत महागडं तिकीट असतं. वंडरलात त्याला फास्टट्रॅक म्हणतात. राइड तीच, सीट तीच, फक्त थांबायचं कमी. वेळ वाचवायला जास्त पैसे द्यायला तयार असलेला ग्राहक तुमच्याकडेही आहे. टेलर, झेरॉक्सवाला, केकवाला, सगळ्यांकडे "आजच पाहिजे" म्हणणारं गिऱ्हाईक येतंच. त्याचा दर वेगळा लिहून भिंतीवर लावा. तोंडी भाव वाढवला तर भांडण होतं, बोर्डावर लिहिला तर ती सेवा होते.

५. हप्ता पावसात थांबत नाही

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग.

इमॅजिका मोठ्या कर्जावर उभं राहिलं. राइड उत्तम, जागा मोक्याची. पण कर्ज पेलेना, त्यात २०२० चं लॉकडाउन आलं. शेवटी २०२२ मध्ये मालपाणी समूहाने ताबा घेतला. शिर्डी आणि लोणावळ्यात वॉटर पार्क चालवण्याचा अनुभव त्यांच्याकडे आधीपासून होता.

वंडरलाची चाल बघा. कोची ते बेंगळुरू पाच वर्षं, बेंगळुरू ते हैदराबाद अकरा वर्षं. बऱ्याच राइड त्यांनी स्वतःच्या कारखान्यात बनवल्या, कर्ज कमी ठेवलं, २०१४ मध्ये शेअर बाजारात उतरले.

याचा अर्थ "कर्ज घेऊ नका" असा नाही. अर्थ असा की कोस्टर शनिवार-रविवारी, दिवाळीत आणि मे महिन्यात भरतो, पण व्याज जुलैतल्या मंगळवारीही चालू असतं. खोपोलीचा पाऊस तुम्हाला माहीतच आहे.

हे आपल्या आकड्यांत बसवू. समजा तालुक्याच्या गावी तुमचा छोटा गेम झोन आहे. तुम्ही चार लाखांचं कर्ज काढून मोठा ट्रॅम्पोलिन आणला. तीन वर्षं मुदत, वर्षाला १२ टक्के व्याज. हप्ता येतो महिन्याला साधारण १३,३०० रुपये.

तिकीट १०० रुपये. वीज, मदतनीस, झीज धरून खर्च ३०. हातात उरले ७०. १३,३०० भागिले ७० म्हणजे १९० तिकिटं. तुमचा स्वतःचा पगार, जागेचं भाडं अजून धरलेलंच नाही, हा फक्त हप्ता. परीक्षेच्या महिन्यात १९० मुलं येतील का?

आता पिशव्या सांभाळणारी माणसं हिशोबात घ्या. प्रत्येक मुलाबरोबर एक मोठं माणूस येतं. त्यांना चार खुर्च्या, एक पंखा, चहा आणि वडापाव द्या. निम्म्या लोकांनी जरी खाल्लं आणि माणशी २५ रुपये सुटले, तरी प्रत्येक मुलामागे साडेबारा रुपये वाढले. ७० चे झाले साडेब्याऐंशी. आता हप्त्याला १६२ तिकिटं पुरतात. महिन्याला २८ मुलांचा ताण कमी, आणि तो कमी केला खुर्च्यांनी आणि चहाने!

शिवाय बसायला मिळालं म्हणून आई अजून अर्धा तास थांबली, तर मुलगा दुसरं तिकीट मागतो. ते वरचं उत्पन्न आपण धरलंसुद्धा नाही.

६. मग सहलीला कुठे जायचं?

हे कमेंटमध्ये नक्की विचाराल, म्हणून सांगून टाकतो. कॉलेजचा ग्रुप आणि फक्त थरार हवा असेल तर इमॅजिका. लहान-मोठी मुलं आहेत, एका तिकिटात दिवसभर कोरडं-ओलं सगळं हवंय, तर वंडरला. वयस्कर मंडळी बरोबर आहेत आणि दर्शनही करायचंय, तर शिर्डी. घरातल्या सगळ्यात कमी राइडवर बसणाऱ्या माणसाला डोळ्यांसमोर ठेवून पार्क निवडा, सहल फसणार नाही.

गृहपाठ

१. तुमच्या धंद्यातला "नायट्रो" कोणता, म्हणजे कोणत्या एका गोष्टीसाठी गिऱ्हाईक दारापर्यंत येतं, ते एका ओळीत लिहा.

२. पिशव्या सांभाळणारी माणसं कोण? साडीच्या दुकानात नवरे, क्लासबाहेर पालक, पार्लरमध्ये सोबत आलेली मैत्रीण. येत्या रविवारी एक तास नुसतं मोजा: किती जण आले, किती वेळ उभे राहिले, तुमच्याकडून काय घेतलं.

३. त्यांच्यासाठी दोन हजार रुपयांच्या आत करता येईल अशी एक सोय ठरवा.

४. कर्ज असेल तर हप्ता भागिले एका विक्रीत उरणारे पैसे, हा आकडा काढून गल्ल्याजवळ चिकटवा. नवीन कर्ज घ्यायचं असेल तर तोच आकडा तुमच्या सगळ्यात मंद महिन्याच्या विक्रीशी ताडून बघा. जुळला तरच बँकेत जा.

उत्तरं व्हिडिओखाली लिहा. निवडक हिशोब पुढच्या भागात आपण फळ्यावर सोडवू.