काविळीनंतरचा थकवा आणि मंडळीचें कर्तव्य

शास्त्रवाचन : १ राजे १९:१-८, फिलिप्पैकरांस पत्र २:२५-३०

काविळीच्या रोग्याच्या डोळ्यांचा पिवळेपणा जातो, त्यास भूक लागते, आणि घरचीं माणसें म्हणतात, "आतां हा बरा झाला." परंतु तो खुरपणीस किंवा गांवोगांव सुवार्ता सांगावयास निघाला, कीं अर्ध्या वाटेवर त्याचे पाय गळतात. मग कोणी त्यास आळशी म्हणतात, कोणी त्याच्या विश्वासांत उणें काढतात. हा न्याय बरोबर आहे काय?

१. थकलेल्या सेवकास देवानें काय दिलें?

ईजबेलीच्या भयानें एलीया रानांत पळाला आणि रतामाच्या झाडाखालीं बसून त्यानें मरण मागितलें. देवदूतानें त्यास दोष दिला नाहीं. भाकर व पाणी दिलें. तो खाऊन पुन्हां निजला. दूतानें त्यास दुसऱ्यांदा उठवून खावयास सांगितलें. मग तो होरेबापर्यंत चालला. आधीं अन्न व झोंप, मग कामगिरी, हा देवाचा क्रम आपण उलटा करूं नये.

२. थकवा कां राहतो?

खेड्यांत कावीळ पुष्कळदां मैल्यानें दूषित झालेल्या पाण्यांतून येते. १९५५-५६ सालीं दिल्लींत यमुनेच्या पाण्यांत सांडपाणी मिसळल्यामुळें हजारों लोकांस ती झाली. या रोगांत यकृतास सूज येते. यकृत हें शरीराचें कोठार आहे. साखर, लोह आणि अ, ड व ब-१२ हीं जीवनसत्त्वें तेथें सांठतात. सूज उतरावयास वेळ लागतो, आणि अन्न जात नसल्यानें कोठारही उणें होतें. म्हणून थकवा कांहीं आठवडे, कधीं कांहीं महिनेही राहतो.

३. काय खावें?

काविळींत केवळ उसाचा रस व भात देऊन वरण, तेल व अंडें बंद करण्याची चाल आहे. तिनें अशक्तता वाढते. डॉ. लूसी विल्स या १९२८ सालीं मुंबईस आल्या व गिरणींतील गरोदर स्त्रियांच्या पांडुरोगाचा त्यांनीं शोध केला. अन्नांतील उणिवेमुळें होणारा हा रोग यीस्टच्या अर्कानें बरा होतो, असें त्यांनीं १९३१ सालीं दाखविलें. त्या अर्कांतील गुणकारी सत्त्व १९४१ सालीं पालकाच्या पानांतून वेगळें काढण्यांत आलें. म्हणजे औषध परसांतल्या भाजींतही होतें!

यास्तव भाकरी, वरण व पालेभाजी खावी; सोबत लिंबू किंवा आवळा घ्यावा, म्हणजे लोह अंगीं लागतें. ब-१२ भाजींत मिळत नाहीं. त्यासाठीं दूध, अंडें किंवा मासळी असावी. थोडें थोडें, पुष्कळ वेळां खावें. पाणी उकळून प्यावें. दारूस शिवूं नये. अनोळखी झाडपाला व मनानें घेतलेल्या गोळ्या यकृतास अपाय करूं शकतात.

४. इस्पितळांत केव्हां जावें?

गरोदर स्त्रीस कावीळ झाली तर एक दिवसही थांबूं नये. तिच्या जिवास मोठा धोका असतो. कोणासही भ्रम झाला, पोट फुगलें, रक्ताची उलटी झाली किंवा पिवळेपणा परत आला, तर तत्काळ न्यावें. थकवा दोन-तीन महिन्यांत उतरला नाहीं तर रक्त तपासून घ्यावें; रक्तावाटे येणारी 'ब' व 'क' प्रकारची कावीळ शरीरांत दडून राहते.

५. मंडळीनें काय करावें?

एपफ्रदीत पौलाची सेवा करीत असतां मरणाच्या दारीं पोहोंचला होता. पौलानें त्यास घरीं पाठविलें, आणि अशा मनुष्याचा मान राखा, असें मंडळीस कळविलें. आपणही तसेंच करावें. उपदेशक आजारांतून उठला असेल तर दूरच्या वाड्यांची फेरी दुसऱ्यानें घ्यावी. शेतकऱ्याची खुरपणी दोन घरांनीं वाटून घ्यावी. त्याचें काम हळूहळू वाढवावें.

विचारावयाचे प्रश्न

१. देवदूतानें एलीयास आधीं काय दिलें?
२. आपल्या विहिरीजवळ मैला सांचतो काय? तो कोण काढील?
३. आपल्या मंडळींत आज कोण थकलेला आहे, आणि या आठवड्यांत त्याचें कोणतें ओझें आपण उचलूं?