शाळेचे मैदान आणि गावाचा आधार

प्रश्न : पेण-रोहा परिसरातील शाळांच्या खेळांना गावाचा पाठिंबा कसा मिळवावा?

उत्तर : रायगड जिल्ह्यात कबड्डीची मंडळे गावोगावी असल्याने पाठिंबा मुळात आहेच, तो शाळेच्या आवारापर्यंत आणावा लागतो. शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत, म्हणजे शाळेचा विकास आराखडा ठरवणाऱ्या समितीत, किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया असतात, म्हणून मैदानाचा विषय प्रथम तेथेच मांडावा. त्यानंतर मंडळाच्या जाणत्या खेळाडूंना, भातकापणी आटोपल्यावर, मैदानातील खडे वेचून, माती चाळून, पाणी मारून ती दाबून देण्याची आणि मुलांना सुरक्षित पकडी शिकवण्याची विनंती करावी. मुलींच्या सरावाला मात्र आई-मावशींपैकी कोणीतरी हजर असणे ही अटच मानावी, कारण त्याविना अनेक घरे मुलींना मैदानावर पाठवण्यास कचरतात.