जंतूंची ग्रामसभा

आमच्या गावातील एका शेतकऱ्याने शेततळ्यात मासे सोडले होते. राहू, कटला आणि मृगळ. मासे चांगले वाढले. गडी खुशीत होता. भाद्रपदात एके दिवशी काही मासे काठाशी सुस्त पडलेले दिसले. अंगावर लाल चट्टे होते. काहींची पोटे फुगली होती, खवले उभे राहिले होते. "होतील बरे," म्हणून त्याने चार दिवस तसेच काढले. पाचव्या दिवशी तळ्यावर मेलेल्या माशांचा थर आला. मासे गेले आणि कर्ज तेवढे राहिले.

तपासणी झाली. एरोमोनास नावाचे जंतू निघाले.

शेतकरी आम्हांला म्हणाला, "गुरुजी, हे जंतू बाहेरून आले का?"

आम्ही म्हणालो, "नाही बाबा. हे जंतू गोड्या पाण्यात नेहमीच असतात. तुझ्या तळ्यातही ते आधीपासून असणार."

"मग इतके दिवस गप्प का बसले?"

प्रश्न शहाणपणाचा आहे. त्याचे उत्तर आज आपण पाहू.

कोरम म्हणजे काय?

आपल्या गावची ग्रामसभा आठवा. सभेला ठराविक माणसे जमावी लागतात. गावातील मतदारांपैकी शंभरात पंधरा किंवा एकूण १००, यांत जो आकडा कमी असेल तेवढी. यालाच कोरम किंवा गणपूर्ती म्हणतात. कोरम भरला नाही तर सभा तहकूब होते. कोरम भरला की ठराव होतात आणि कामाला सुरुवात होते.

जंतूंचेही असेच असते.

जंतू मोजतात कसे?

जंतू फार बारीक असतो. चारपाचशे जंतू एका ओळीत ठेवले तर ती ओळ एक मिलिमीटर होईल. त्याला डोळे नाहीत, कान नाहीत, मेंदू नाही. मग आपण किती जण आहोत हे त्याला कळते कसे?

प्रत्येक जंतू आपल्या अंगातून एक द्रव्य थोडे थोडे बाहेर सोडतो. हाच त्याचा निरोप. जंतू थोडे असले तर द्रव्य पाण्यात विरून जाते. जंतू एका जागी दाटले की द्रव्यही दाटते. ते पुन्हा जंतूंच्या अंगात शिरते. अंगात ते पुरेसे साठले की जंतूंना जणू समजते, कोरम भरला!

मग सगळे मिळून एकदम कामाला लागतात. एरोमोनास जंतू माशाचे मांस विरघळवणारी द्रव्ये सोडतात. चिकट थर करून एकमेकांना धरून राहतात.

पण ते थांबतात कशासाठी? दहावीस जंतूंनी हल्ला केला तर माशाचे शरीर त्यांना मारून टाकील. हजारो, लाखो एकदम उठले तर मासा पुरा पडत नाही. एकीचे बळ चांगल्याच्या हाती असते, तसे वाइटाच्याही हाती असते.

हा शोध कसा लागला?

समुद्रातले काही जंतू अंधारात चमकतात. १९७० साली अमेरिकेत केनेथ नील्सन, वुडलंड हेस्टिंग्ज वगैरे शास्त्रज्ञांनी त्यांचा अभ्यास केला. जंतू थोडे असले तर उजेड नाही. खूप झाले की एकदम उजेड. जंतूंनी सोडलेल्या द्रव्यामुळे हे घडते, असे दिसून आले. १९९४ साली या गोष्टीला इंग्रजीत नाव मिळाले, तेही कोरम या शब्दावरूनच. पुढे माशांना रोग करणाऱ्या जंतूंतही अशी निरोपाची द्रव्ये सापडली.

मग शास्त्रज्ञांना एक युक्ती सुचली. जंतू मारण्याऐवजी त्यांचा निरोपच मोडला तर? मातीतले काही जंतू असे निरोप मोडून टाकतात, असे आढळले आहे. त्यांचा उपयोग मत्स्यशेतीत करण्यावर संशोधन चालू आहे.

आपण काय करावे?

आपल्या हाती एवढेच, की जंतूंचा कोरम भरू द्यायचा नाही आणि माशाला अशक्त होऊ द्यायचे नाही.

१. मासे दाटीने सोडू नका. एक हेक्टर तळ्यात साधारण ५,००० ते १०,००० बोटुकली पुरे. बोटुकली म्हणजे बोटाएवढी पिल्ले.

२. खाद्य मोजून घाला. उरलेले खाद्य तळाशी कुजते. त्यावर जंतू पोसतात आणि पाण्यातला प्राणवायू कमी होतो. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागले तर प्राणवायू कमी पडला असे समजा.

३. जाळे ओढताना मासे जखमी करू नका. जखम म्हणजे जंतूला उघडे दार.

४. मेलेला मासा लगेच काढा. तळ्यापासून दूर, चुना टाकून पुरा.

५. माणसांची किंवा गुरांची औषधे तळ्यात ओतू नका. थोडे जंतू त्यातूनही वाचतात. पुढे त्यांच्यावर ते औषध चालत नाही.

६. पहिला चट्टा दिसला, की त्याच दिवशी मत्स्यव्यवसाय खात्याच्या कार्यालयात जा. चार दिवस थांबू नका.

आमच्या शेतकऱ्याने दुसऱ्या वर्षी पुन्हा मासे सोडले. या खेपेला निम्मेच सोडले. रोज सकाळी तो काठावरून एक फेरी मारतो. आम्ही विचारले, "काय बघतोस?" तो म्हणाला, "गुरुजी, कोरम भरत नाही ना, ते बघतो."

प्रश्न

१. जंतू एकमेकांना निरोप कसा देतात?

२. जंतू थोडे असताना हल्ला का करीत नाहीत?

३. तुमच्या गावात कोणाचे तळे आहे? तेथे जाऊन पाणी व मासे पाहा. काय दिसले ते पाच ओळींत लिहा.