पुन्हा हत्तीच?

प्रश्न : आमचा मुलगा साडेतीन वर्षांचा आहे. गेले दोन महिने रोज रात्री झोपताना एकच पुस्तक, हत्तीचं. मला ते तोंडपाठ झालंय आणि त्यालाही. वाचनाची गोडी लागावी म्हणून आठ-दहा नवी पुस्तकं आणून कपाटात लावली, पण तो त्यांना हात लावत नाही. ‘नवं पुस्तक ऐकलंस तर चॉकलेट’ असंही करून पाहिलं. चॉकलेट खाल्लं आणि परत हत्तीच! सासूबाई म्हणतात, हे पाठांतर आहे, वाचन नव्हे. काय करावं?
— एक आई, नाशिक

उत्तर : गोडी लागलेली आहे. कंटाळा तुम्हाला आलाय, आणि तो येणं अगदी रास्त आहे. साठ रात्री एकाच हत्तीबरोबर काढणं सोपं नाही.

माझी भाची त्याच वयाची असताना काही दिवस आमच्याकडे होती. तिचं पुस्तक बैलगाडीचं. एका रात्री माझेच डोळे मिटायला लागले, म्हणून मी दोन पानं एकदम उलटली. ती काही बोलली नाही. माझा हात बाजूला केला, पान मागे घेतलं आणि चिखलातल्या गाडीवर बोट ठेवलं. ‘मामा, हे राहिलं.’ दुसऱ्या दिवशी मी शब्द बदलून पाहिला. ‘मग गाडी चिखलात अडकली,’ असं म्हणायचा अवकाश, लगेच दुरुस्ती आली : ‘अडकली नाही, रुतली.’ मुंबईच्या फ्लॅटमध्ये वाढणाऱ्या पोरीला ‘रुतणे’ हा शब्द दुसरीकडे कुठे भेटणार होता? पहिल्या रात्री तो तिला ऐकूही आला नसेल. तेव्हा तिचं सगळं लक्ष गाडी निघते की नाही यात होतं. गाडी निघते हे पक्कं ठाऊक झाल्यावर शब्दांकडे बघायला सवड मिळाली.

हा माझ्या घरापुरता अनुभव नाही. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठात तीन वर्षांच्या मुलांवर असाच एक प्रयोग झाला, २०११ साली तो प्रसिद्ध झाला. काही मुलांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा वाचून दाखवली, काहींना वेगवेगळ्या गोष्टी. नवे शब्द दोन्हीकडे सारख्याच वेळा येतील अशी काळजी घेतली होती. ते शब्द जास्त चांगले लक्षात राहिले ते एकच गोष्ट ऐकणाऱ्या मुलांच्या.

सासूबाईंचं निरीक्षण मात्र बरोबर आहे. पाठांतरच आहे ते. पण एकदा तो एकटा पुस्तक घेऊन बसला असेल तेव्हा स्वयंपाकघरातून, त्याला कळू न देता, कान देऊन ऐका. पान बरोबर जागेवर उलटेल. आवाजाची चाल बदलेल. एरवी ‘हत्ती बोल्ला’ म्हणणारा मुलगा पुस्तक हातात असताना ‘हत्ती म्हणाला’ म्हणेल. घरातली बोली आणि पुस्तकातली मराठी यांत अंतर असतं, नाशिककडे तर कितीतरी घरांत अहिराणी बोलली जाते. ती पुस्तकातली भाषा शाळेत पाटीवर येण्याआधीच कानात बसली, तर पुढे मुलाला पुस्तक परकं वाटत नाही.

अक्षरांची घाई करू नका. मूल मांडीवर बसून गोष्ट ऐकतं तेव्हा त्याची नजर कुठे असते, हेही मोजून पाहिलेलं आहे. ती जवळजवळ सगळा वेळ चित्रांवर असते, मजकुरावर क्वचितच जाते. तेव्हा कधीतरी, एखाद्याच शब्दाखालून बोट फिरवा. ‘हत्ती’ पुरे. त्यातला ‘ह’ त्याच्या नावात असला तर तो स्वतःच ओरडेल. पण लगेच बाराखडी काढून बसू नका. आपली लिपी लहान मुलाला थोडी चकवतेच. ‘कि’ म्हणताना आधी क उच्चारायचा आणि लिहिताना वेलांटी मात्र क च्या आधी! हे कोडं सुटायला वेळ लागतो, आणि झोपायची वेळ ही काही त्याची वेळ नव्हे.

तसंच प्रश्नांचं. ‘हत्तीला पाय किती? रंग कोणता?’ ही तोंडी परीक्षा झाली, आणि परीक्षा कुणालाच रोज रात्री नको असते. त्यापेक्षा वाचता वाचता मध्येच थांबा. वाक्य अर्धं सोडा, ते तो पूर्ण करेल. किंवा ‘आता हत्तीला काय वाटत असेल रे?’ असं विचारा आणि खरोखरच थांबा. आपण मोठी माणसं दोन सेकंदांत उत्तरही देऊन टाकतो. पुस्तक पाच मिनिटांचं असेल तर गप्पा पंधरा मिनिटांच्या होऊ द्या. यात तुमचाही कंटाळा कमी होईल, कारण गोष्ट तीच असली तरी गप्पा रोजच्या वेगळ्या होतात.

आता चॉकलेट. ते बंद करा. म्हणजे चॉकलेट द्या हवं तर, पण पुस्तकाच्या बदल्यात नको. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत एक प्रयोग झाला, १९७३ साली तो प्रसिद्ध झाला. चित्रं काढायची मनापासून आवड असलेली तीन ते पाच वर्षांची मुलं निवडली. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर फीत लावलेलं प्रशस्तिपत्रक मिळेल. काहींना ते न सांगता, नंतर अचानक दिलं. काहींना दिलंच नाही. एक-दोन आठवड्यांनी, मोकळ्या वेळात कोण चित्रं काढतंय हे पाहिलं, तर आधी बक्षीस कबूल केलेली मुलं इतरांच्या मानाने निम्माच वेळ चित्रं काढत होती. आवडीचं काम त्यांच्या लेखी मजुरीचं झालं होतं. तुमच्या मुलाने तर मजुरी घेऊनही काम टाळलं, त्याचं मला कौतुकच वाटलं.

नव्या पुस्तकांचं काय चुकलं? बहुधा काहीच नाही, ती दिसत नाहीत एवढंच. आपली चित्रांची पुस्तकं पातळ, मध्ये दोन पिना मारलेली. कपाटात उभी केली की त्यांच्या कडेवर नावही वाचता येत नाही, चित्र तर दूरच. मुलाच्या उंचीवर भिंतीला एक दोरी बांधा आणि कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी दोनच पुस्तकं लटकवा, मुखपृष्ठ समोर येईल अशी. आठवड्याने बदला. काही बोलू नका. त्याला ओळखीचं पुन्हा भेटायला आवडतं, तर माधुरी पुरंदरे यांचा ‘राधाचं घर’ हा संच आणून पाहा. घर तेच, माणसं तीच, प्रत्येक पुस्तकात घरातलं एकेक माणूस राधा ओळखीचं करून देते. पैशांचा प्रश्न असेल तर ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर मराठी गोष्टी फुकट मिळतात. पण अंथरुणात फोन नको असं माझं मत, म्हणजे तुमच्या हातातलाही नको.

आणि तुम्ही नाशिकच्या! १८४० पासूनचं सार्वजनिक वाचनालय, तुमची ‘सावाना’, गावात आहे. मोठ्यांसाठी पुस्तक बदलायला जाल तेव्हा त्याला बरोबर न्या. पुस्तकं चाळता आली, परत करायची असतात हे दिसलं, की झालं. तिथे तो चुकीचं पुस्तक उचलेल, जाडजूड, बिनचित्रांचं. उचलू द्या.

सासूबाईंनाही या कामात ओढा. त्यांना पुस्तक लागणार नाही. चिमणीचं मेणाचं घर त्यांना ठाऊक असेलच. तुमच्याच नाशिकच्या तुरुंगात साने गुरुजींनी १९३३ साली ‘श्यामची आई’ लिहिलं, ते संध्याकाळी मित्रांना सांगितलेल्या आठवणी म्हणून. त्यातल्या भागांना प्रकरण म्हटलेलं नाही, ‘रात्र’ म्हटलंय. तेव्हा एक रात्र आजीची, एक हत्तीची, अशी वाटणी करून पाहा. मात्र आजीनेही तीच गोष्ट पुन्हा सांगायची तयारी ठेवावी. शब्द बदलला तर तिलाही ओरडा बसेल.

एक राहिलं. दोन महिने रोज हाताळलेलं पुस्तक आता पिनेपाशी सुटायला आलं असेल. नवी प्रत आणू नका, त्याला फरक कळेल. रविवारी त्याला शेजारी बसवा, पिना काढून टाका आणि मधल्या घडीवर जाड दोऱ्याने तीन टाके घाला. दोरा कोणत्या रंगाचा, ते त्याला ठरवू द्या.